पाण्याचा वाटा

मी कॉलेजात असताना एका मंगळवारी नगरपालिकेत आमच्या पाणीपट्टीची सुनावणी झाली. आई बोलली. मग नाना बोलले. अधिकाऱ्यांनी निकाल सांगितला आणि आम्ही तिघं घरी आलो. त्यानंतर मागच्या गल्लीतल्या बायका आमच्या नळावर पाणी भरायला आल्या नाहीत.

नाना म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. भेटायला येणारे लोक अजून येतात, पायरीवर चपला काढतात, भिंतीवरच्या फोटोकडे बघतात आणि हमखास म्हणतात, "सरांनी आयुष्यात खोटं केलं नाही." मी चहा ठेवायला आत जाते. चहा उकळेपर्यंत बाहेर येत नाही.

आमचं गाव तालुक्याचं, जळगावहून धुळ्याला जाणाऱ्या रस्त्यावरचं. नाना तिथल्या हायस्कुलात नागरिकशास्त्र आणि इतिहास शिकवत. घर आईच्या नावावर होतं, कारण जागा तिच्या वडिलांनी दिली होती. तिचं माहेर पारोळ्याकडचं, शेतकऱ्याचं. ती घरात आमच्याशी मराठी बोले, पण रागात, आनंदात आणि देवापुढे तिची भाषा खान्देशी होई. नानांना ते आवडत नसे असं नाही. चारचौघांत मात्र ते तिच्या आधी बोलून टाकत.

नळ आला तेव्हा मी शाळेत होते. नगरपालिकेने नदीकाठी विहीर खोदून, टाकी बांधून गावात पाइप आणला होता, आणि घेईल त्याला अर्ध्या इंचाची जोडणी मिळत होती. आमच्या ओट्याखाली, अंगणात नळ बसला. पहिल्या पाण्याला आईने हळदकुंकू वाहिलं. नानांनी त्याच दिवशी आम्हाला पाणीपट्टी समजावून सांगितली. ती दोन प्रकारची असे. एक सर्वांना, नळ असो वा नसो. रस्त्याच्या कोपऱ्यावर सार्वजनिक नळ उभा केला की त्या भागातल्या प्रत्येक घराला ती लागे, आणि ती घराच्या भाडेमूल्यावर ठरे. घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल, याचा नगरपालिकेचा माणूस अंदाज करी, त्यातून दुरुस्तीपोटी काही वजा करी, आणि उरलेल्यावर कर. आम्ही आमचं घर कधीच भाड्याने दिलेलं नव्हतं. तरी त्याचं भाडं नगरपालिकेला ठाऊक होतं, याची आईला फार गंमत वाटे. दुसरी पट्टी घरात नळ घेणाऱ्यांना, पाइपाच्या जाडीवर. अर्ध्या इंचाला इतके, पाऊण इंचाला इतके. मीटर नव्हते.

"मग आपण दिवसभर नळ सोडून ठेवला तर?" आईने विचारलं होतं.

"तरी तेवढीच."

"आणि थेंब नाही घेतला तर?"

"तरी तेवढीच. हा कर आहे, किंमत नाही. किंमत मोजून देतात. कर सगळ्यांनी मिळून द्यायचा असतो, म्हणजे सगळ्यांना मिळतं."

हे वाक्य ते वर्गातही सांगत. आईने ते वर्गातल्या कुठल्याही मुलापेक्षा नीट ऐकलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तिने मागच्या गल्लीतल्या बायकांना सांगितलं की आमच्या नळावर भरा, जास्त पैसे पडत नाहीत.

मागच्या गल्लीत कापसाच्या जिनात कामाला आलेली माणसं राहत. पारोळा, चाळीसगाव या बाजूच्या खेड्यांतली. पत्र्याची, कुडाची घरं. त्यांच्यापैकी कोणाकडे नळ नव्हता. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाला पाणी यायचं, पण टाकी भरलेली असली तरच, आणि तेही करंगळीएवढ्या धारेने. बायका सकाळी आमच्या अंगणात येत. त्यांत एक वयस्क होती, तिला सगळ्या अक्का म्हणत. आईही अक्काच म्हणे. रांग कोणी लावायची, कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणाला आधी भरू द्यायचं, ते अक्का ठरवी. नाना ओट्यावर पेपर वाचत बसत आणि बायका आल्या की पेपर घेऊन आत जात, म्हणजे त्यांना मोकळं वाटावं.

या माणसांची गावाकडे थोडी थोडी शेती होती, नाहीतर भावाच्या शेतात हिस्सा होता. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, निघाली की होळीच्या सुमाराला, ती गावी जात आणि येताना धान्य आणत. पहिल्याच वर्षी अक्काने एका गोणीत सगळ्या घरांची मिळून दादर आणली आणि आमच्या ओट्यावर ठेवली. आईने ती पदर सावरून, वाकून घेतली. कोणी काही समजावलं नाही. गावात सुताराला, कुंभाराला, ज्याच्याकडून वर्षभर काम होतं त्याला खळ्यावर वाटा देतात. पाणी देणाऱ्यालाही द्यायचा. न देणं हा देणाऱ्याचा कमीपणा, न घेणं हा घेणाऱ्याचा उर्मटपणा. आईच्या माहेरी हेच होतं. नानांनी गोणी पाहिली, "हे कशाला?" म्हणाले, आणि पुढे वर्षभर त्या दादरीची भाकरी खाल्ली. दादरीची भाकरी त्यांना फार आवडे.

दुष्काळाच्या वर्षी दादर झालीच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आली ती थोडी. गोणी अर्धीच होती. ती ओट्यावर टेकवून अक्का म्हणाली, "औंदा वाटा कमी शे, वहिनी. पुढला साल भरी दिसूत."

आई म्हणाली, "तुमना पोऱ्यासले ठेवा ना थोडी."

"पोऱ्यासनी काढीच लिधी शे."

याच वेळी नळ खात्याचा एक माणूस अंगणात होता. दुष्काळात नवी योजना झाली होती, तिचं कर्ज नगरपालिकेवर चढलं होतं, आणि पाणीपट्टी वाढवायची म्हणून प्रत्येक जोडणी तपासली जात होती. पाइप खरंच अर्ध्या इंचाचा आहे का, कोणी पंप तर लावला नाही ना, घरगुती म्हणून घेऊन कोणी हॉटेल तर चालवत नाही ना. त्याने गोणीकडे पाहिलं.

"हे कसलं, आजी?"

"पानीना वाटा शे," अक्का म्हणाली.

"कोणत्या पाण्याचा?"

"याच नळना. आम्ही बठ्ठ्या आठेच भरतस. दर साल देतस."

तो हसला. "मग नगरपालिकेचा वाटा कुठे आहे?"

"तुम्ही बी भाकर खाई जा, भाऊ," आई म्हणाली. "दादरनीच शे."

तो ओट्यावर बसून भाकरी आणि ठेचा खाऊन गेला. वाईट माणूस नव्हता. जे पाहिलं ते त्याने लिहिलं, एवढंच.

काही दिवसांनी आईच्या नावाने नोटीस आली. सदर घरगुती नळजोडणीतून मोबदला घेऊन इतरांना पाणी पुरवलं जातं, सबब जोडणी घेतल्यापासून बिगरघरगुती दराने आकारणी का करू नये. मी जळगावला कॉलेजात होते आणि सुट्टीला घरी आले होते. नानांनी नोटीस आधी मनात वाचली, मग मला मोठ्याने वाचायला लावली. बिगरघरगुती दर म्हणजे हॉटेलं, जिन, बर्फाचा कारखाना यांचा दर. तो आमच्या पट्टीच्या कितीतरी पट होता. वर्षभर ओढाताण झाली असती. घर बुडालं नसतं. नानांना लागलं ते दुसरंच. ते गावातल्या अर्ध्या लोकांच्या हरकती लिहून देत. भाडेमूल्य जास्त धरलं, खोली नसताना खोली दाखवली, असं काही असलं की लोक त्यांच्याकडे येत आणि ते एक पैसा न घेता अर्ज करून देत. त्यांच्याच घरावर पाणी विकल्याचा शेरा बसणार होता.

"मी पानी इकत नही," आई म्हणाली.

"तू विकत नाहीस. पण त्यांच्या नियमात ते विकणंच आहे."

"मग नियम लिहिणाराले सांगा ना. तुम्ही बठ्ठ्या गावले सांगतस."

आज वाटतं, नानांना तसा अर्ज लिहिता आला असता. वाटा म्हणजे काय, तो का घेतात, तो मापाने ठरत नाही, ज्याच्या घरी पिकलं नाही त्याचंही पाणी थांबत नाही, हे सगळं नानांना माहीत होतं आणि त्यांच्या भाषेत ते सुंदर उतरलं असतं. त्यांनी अर्ज लिहिला तो तीन ओळींचा. आरोप अमान्य, जोडणी घरगुती, दर कायम ठेवावा. त्याखाली आईने सही केली. तिचं अक्षर वळणदार होतं, शाळेत चौथीपर्यंत गेली होती.

आदल्या संध्याकाळी नानांनी तिला सांगितलं, "तू बोलू नकोस. विचारलंच तर शेजारधर्म म्हण."

"शेजारधर्मच शे तो."

"धान्याचं काढू नकोस."

"त्यासनी इचारं तं?"

"नाही विचारणार. मी बोलेन ना."

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती. बाकांवर गावातली माणसं आपापल्या नोटिसा घेऊन बसलेली. बहुतेक नानांच्या ओळखीची, काही त्यांचे जुने विद्यार्थी. त्यांना पाहून दोघंतिघं उभे राहिले. आत शिरताना आईने भिंतीवरची 'शांतता राखा' ही पाटी ओठ हलवत वाचली आणि पदर डोक्यावर ओढून माझ्याशेजारी बसली. तिने ठेवणीतलं निळं लुगडं नेसलं होतं.

आमचा पुकारा झाला तेव्हा नाना उठले. अधिकारी बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले होते. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "घरमालक कोण? यांचं नाव आहे ना? मग त्यांनाच बोलू द्या, सर. बाई, तुमच्या नळावर बाहेरच्या बायका पाणी भरतात?"

आई उभी राहिली. "भरतस."

"त्याबद्दल त्या तुम्हाला धान्य देतात?"

आईने नानांकडे पाहिलं नाही. सरळ अधिकाऱ्यांकडे पाहून म्हणाली, "हा, देतस ना. दर साल देतस. मी लेस. दिधेल वाटा परत कसा करवा?"

अधिकाऱ्यांना सगळं कळलं नाही. त्यांनी कारकुनाकडे पाहिलं. "काय म्हणतात?"

"घेते म्हणतात," कारकून म्हणाला.

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "सरांचा जोडधंदा निघाला." थोडे लोक हसले. मोठं हसू नव्हतं. गावात एकमेकांना हसतात तसं. दुसरा म्हणाला, "मास्तर, आम्हालाबी एक गोणी." पुन्हा हसले. मला वाटलं, आईने आता खाली बसावं.

नानांचे कान लाल झाले होते. ते पुढे गेले आणि वर्गात बोलत त्या आवाजात बोलले. "साहेब, ही खेड्यातली आहे. अडाणी आहे. तिला प्रश्न कळला नाही. धान्य आमच्याकडे तिच्या माहेरच्या शेतातून येतं. आणि पाण्याचं म्हणाल तर मी शाळेत असतो, नळ अंगणात उघड्यावर आहे. मागच्या वस्तीतल्या बायका येतात आणि न विचारता भरून नेतात."

अधिकारी म्हणाले, "न विचारता नेतात ती चोरी झाली. तक्रार का केली नाही?"

"गरीब आहेत."

ज्या टेबलावर त्यांनी हात टेकला होता तिथेच अर्ज होता, आणि अर्जावर आईची सही. अधिकाऱ्यांनी ती पाहिली असावी. त्यांनी कारकुनाला सांगितलं: दर घरगुती कायम. मालकाने नळाला पेटी करून कुलूप लावावं. मागच्या वस्तीला जमादारामार्फत समज द्यावी. पुढच्याचा पुकारा झाला. बाहेर पडताना ज्याने जोडधंदा म्हटलं होतं तोच उठून नानांना म्हणाला, "सर, गंमत केली हं."

रस्त्याने आई आमच्या थोडी मागे चालत होती. एरवीही ती मागेच चाले.

जमादार दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीत गेला आणि मास्तरच्या नळावरून चोरून पाणी भरल्याबद्दल समज देऊन आला. दुपारी अक्का आली. हातात हंडा नव्हता. ती ओट्याशी आली, पण बसली नाही. नाना शाळेत होते. मी दारात होते.

"वहिनी," ती म्हणाली, "आम्ही चोर शेतस का?"

आईजवळ बोलायला एकच गोष्ट होती, आणि ती बोलली असती तर नवरा खोटं बोलला असं गल्लीत सांगावं लागलं असतं. अक्कालाही ते कळत होतं. आईला बोलावं लागू नये म्हणून पुढे काय म्हणावं ते ती शोधत असावी. शेवटी म्हणाली, "ऊन फार शे नही औंदा?"

"हा," आई म्हणाली. "अक्का, हंडा ली ये ना. भरी जाय."

"आते नको, वहिनी. आते भरं तं खरंच चोर व्हसूत."

ती गेली. आईने संध्याकाळी ती अर्धी गोणी डोक्यावर घेतली आणि मागच्या गल्लीत पोहोचवली. सकाळी गोणी पुन्हा आमच्या ओट्यावर होती. दिलेला वाटा परत घ्यायचा नसतो, हे त्यांनाही माहीत होतं. आईने ती दादर दळली नाही. नाना एकदा म्हणाले, "किडे पडतील तिच्यात." आई म्हणाली, "पडू द्या." मग त्यांनी ती स्वतःच उचलून धर्मशाळेत दिली.

"एकदा जाईसन खरं सांगी द्या," आई त्यांना म्हणाली. मी भांडी लावत होते. तिने हे मागणं फक्त त्या एका दिवशी मागितलं, पुढे कधी नाही.

"निकाल लेखी झाला आहे. आता उघडलं तर माझंच बोलणं खोटं ठरतं."

"ते तं शेच."

"मला शाळेत मुलांसमोर उभं राहायचं असतं," नाना म्हणाले.

नळाला लाकडी पेटी आणि कुलूप लागलं. किल्ली आईकडे असे. ती धुण्याला, भांड्यांना नळाचं पाणी घेई. पण प्यायच्या पाण्याला ती सकाळी हंडा घेऊन कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावर जाऊ लागली. मास्तरांची बायको, घरात नळ असलेली, रांगेत. पहिले काही दिवस मी तिच्याबरोबर गेले. बायका तिच्याशी भांडल्या नाहीत, टोमणा मारला नाही. तिला जागा करून देत, आणि मग आपसात बोलायच्या थांबत. आई शेवटच्या बाईच्या मागे जाऊन उभी राही. एकदा अक्काने तिचा हंडा उचलून पुढे, धारेखाली ठेवला. आईने तो परत मागे आणला. अक्काने पुन्हा पुढे ठेवला नाही.

नाना हे रोज पाहत. ते तेच पाणी पीत. एकदा मला म्हणाले, जणू मी काही विचारलं होतं, "त्या नळाची पट्टीही आपण भरतोच. तेही आपलंच पाणी आहे." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. भाडेमूल्यावरची पट्टी आम्ही भरत होतो, वेळेच्या आधी. त्यांनी लोकांच्या हरकती लिहिणं मात्र बंद केलं. कोणी आलं की म्हणत, आता डोळे काम देत नाहीत. तेव्हा त्यांचे डोळे चांगले होते.

त्यांना मी रागावून काही बोलले नाही. मी जळगावला परत गेले, नंतर धुळ्याला नोकरीला लागले, आणि सुट्टीला घरी आले की पाणी पिण्याआधी ते कुठलं आहे हे विचारायची माझी हिंमत होत नसे. आई गेली तेव्हा मागच्या गल्लीतल्या बायका आल्या होत्या. अक्का तोवर राहिली नव्हती. त्यांनी आईला शेवटचं पाणी घातलं, आपापल्या घरून आणलेलं. नाना दाराशी उभे होते. त्यांनी प्रत्येकीला हात जोडले. एका बाईने हात जोडले, बाकीच्या नुसत्या बघून गेल्या.

त्यानंतर नाना बरीच वर्षं जगले. शेवटच्या आजारात मी इथेच होते. एकदा दुपारी ते म्हणाले, "तुझ्या आईला सगळं वाचता येत होतं." मी म्हटलं, "हो." तो विषय पुन्हा निघाला नाही. माणसाने एका मंगळवारी चारचौघांच्या हसण्याला घाबरून जे केलं, तेच तेवढं त्याचं आयुष्य नसतं. हे मला कळतं. त्यांच्या चांगुलपणाचे किस्से लोक सांगतात ते खरे आहेत, आणि मी ते ऐकू शकत नाही, हेही तितकंच खरं आहे. शरम कोणाची आहे हे मी वेगळं काढू पाहते तेव्हा मला ते जमत नाही. त्यांची, माझी, त्या बाकांवरच्या माणसांची, सगळी एकात मिसळलेली आहे.

मागच्या गल्लीत आता पक्की घरं आहेत आणि घरोघर नळ आहेत. घर माझ्या नावावर झालं आहे. पाणीपट्टी मी भरते. त्या सुनावणीच्या निकालात त्या बायकांनी न विचारता पाणी नेलं असं लिहिलं होतं, आणि ते कोणी खोडलेलं नाही.